टँटी एल्डिकाचं दार

त्रिनिदादच्या शेजारच्या बेटावर, आमच्या फाँ-क्लेर गावात "मी तेव्हाच म्हटलं होतं" असं म्हणायची सत्तावीस वर्षं कुणाला सोय नव्हती. चुकून कुणी म्हटलंच, तर वखारीत बाकांवर जायफळं निवडत बसलेल्या बायका एका सुरात ओरडायच्या, "दार बघा, दार बघा!" मग तो माणूस म्हातारा असो, शाळामास्तर असो की चर्चचा कारभारी, त्याला निमूटपणे वखारीच्या मागच्या दारापर्यंत जावं लागे.

आता वखार बंद पडली आणि गावात जो तो सर्वज्ञ झाला आहे. परवा दुकानात चारजण छातीठोकपणे सांगत होते, की कसोटी आपण हरणार हे त्यांना आधीपासूनच ठाऊक होतं. चौघांनीही आदल्या दिवशी माझ्याच समोर बरोब्बर उलटं सांगितलं होतं.  टँटी एल्डिकाची फार आठवण आली, आणि घेतलेलं मीठ काउंटरवरच विसरून घरी आलो.

टँटी एल्डिका नोएल ही काही माझी सख्खी मावशी नव्हे. आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला सगळं गावच टँटी, म्हणजे मावशी, म्हणतं. चौदाव्या वर्षी ती जायफळाच्या वखारीत कामाला लागली आणि पुढे निवडणाऱ्या बायकांची मुकादम झाली. उंच, हाडकुळी, डोक्याला कायम निळा रुमाल, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तिचं मुख्य काम पाण्याच्या टाकीशी. सोललेली जायफळं पाण्यात टाकायची. बुडतील ती भरलेली, तरंगतील ती हलकी. शेतकरी कितीही शपथा घेवोत, ती म्हणायची, "तू गप्प बस, पाणी सांगेल." गोड बोलणं तिला जमत नसे. लग्न तिने केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही, कारण तिला काही विचारायचं म्हणजे उलट चार प्रश्नांची तयारी लागे.

वखारीच्या मागच्या दाराच्या आतल्या अंगाला ती माणसांना लिहायला लावायची. पोत्यांवर शिक्के मारायची काळी शाई आणि आखूड केसांचा ब्रश. ही शाई धुतल्याने जात नाही, खरवडली तर लाकूड निघतं पण शाई राहते. कुणी काही मोठं करायला निघालं, म्हणजे गाढव घ्यायचं, जमीन खंडाने द्यायची, मुलीला त्रिनिदादला पाठवायचं, की टँटी विचारायची, "काय करणार आहेस? काय होईल असं वाटतं? खात्री दहापैकी किती? आणि चुकलास तर तुला कशावरून कळेल?" ते सगळं दारावर लिहायचं, खाली तारीख आणि नाव. सल्ला ती द्यायची नाही. सल्ला मागितला तर म्हणायची, "मी जायफळं निवडते, नवरे आणि गाढवं नाही."

लोक चिडायचे, पण लिहायचे. आपली फजिती होईल या भीतीपेक्षा शेजाऱ्याची फजिती वाचायला मिळेल ही हौस मोठी. बाकावरच्या अगाथाने लिहिलं होतं, की जावई वर्षभरात पळून जाईल, खात्री दहापैकी नऊ. तोच जावई पुढे वीस वर्षं तिला रोज सकाळी कोको करून देत होता, आणि ती तो कप हातात घेऊन दारासमोर उभी राहायची आणि स्वतःलाच शिव्या घालायची.

माझी ओळ दाराच्या मधल्या फळीवर होती, डोळ्यांच्या पातळीला. ती चुकवून दारातून जाता येत नसे.

पंचावन्न सालच्या सप्टेंबरात जॅनेट वादळ आलं आणि बेटावरची जायफळाची झाडं मुळासकट आडवी झाली. आमचा डोंगर तर हजामत केल्यासारखा दिसत होता. बहुतेकांनी केळी लावली. केळं वर्षात हाताशी येतं आणि दर आठवड्याला बोट येऊन घेऊन जाते. माझ्या वडिलांनी मात्र हट्टाने साठ रोपं लावली, जायफळाची. जायफळ फळायला सात-आठ वर्षं घेतं. त्याहून वाईट म्हणजे रोप नर आहे की मादी हे फूल येईपर्यंत देवालाही कळत नाही. नर फळत नाही. परागासाठी दहाला एक ठेवायचा, बाकीचे कापायचे, ही रीत. वडील फूल यायच्या आधीच गेले. साठ झाडं आणि त्यांचा जुना कोयता माझ्याकडे आला.

त्रेसष्ट साली झाडांना फुलं आली. तेव्हा मी चोवीस वर्षांचा, डोक्याने गरम, आयोनीशी लग्न होऊन वर्ष झालेलं, ती पोटुशी. सासरची मंडळी केळीवाली. दर रविवारी जेवताना नारळाच्या दुधातल्या नीरफणसाबरोबर मला टोमणेही वाढले जायचे. "सिल्व्हन, तुझ्या झाडांना फळं येतील तोवर तुझ्या पोरालाच दाढी येईल." आयोनीची बहीण म्हणायची, "नाही ग, त्याच्या पोराच्या पोराला." सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि रात्री मला झोप लागायची नाही.

म्हणून मी मिस्टर कॉसमॉस फ्रेडरिक यांना बोलावलं. आमच्या खोऱ्यात झाड नर की मादी हे सांगणारा त्यांच्यासारखा माणूस नव्हता. चाळीस वर्षं तेच काम. पांढरी टोपी, कमरेला चुन्याचा डबा. झाडाखाली उभे राहायचे, एक फांदी खाली ओढायचे, फूल चिमटीत धरायचे, आणि नर असेल तर बुंध्याभोवती चुन्याचा पट्टा. त्यांच्यामागे माणूस कुऱ्हाड घेऊन यायचा. चाळीस वर्षांत ते एकदाही चुकले नव्हते. हे सगळं खोरं सांगायचं, आणि तेही नाकारत नसत.

त्यांनी माझी साठ झाडं एका सकाळीत पाहिली आणि चौतीस नरांपैकी सहा परागासाठी ठेवून अठ्ठावीस झाडांना पट्टे मारले.

"एवढे?" मी म्हटलं.

"तुझ्या बापाचं नशीब," मिस्टर कॉसमॉस म्हणाले. "लवकर पाड. मुळं पसरली की केळीला त्रास."

माझ्या वडिलांनी वादळानंतर उपाशीपोटी खड्डे खणून लावलेली झाडं. पण खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही, मोकळं वाटलं. अठ्ठावीस झाडांच्या जागी केळी, दर आठवड्याला बोट आणि रविवारी मान वर करून जेवण. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडवाला ठरवला आणि जाता जाता वखारीत डोकावलो. खरं म्हणजे मिरवायलाच गेलो होतो.

टँटी टाकीशी वाकून तरंगणारी जायफळं जाळीने काढत होती. मी बातमी सांगितली. तिने वर न बघता विचारलं, "अठ्ठावीसच्या अठ्ठावीस? खात्री किती?"

"दहापैकी दहा. मिस्टर कॉसमॉसनी पाहिलंय. चाळीस वर्षांत चुकले नाहीत ते."

आता तिने वर पाहिलं. "हे तुला कुणी सांगितलं?"

"सगळं गाव सांगतं."

"गावाला कुणी सांगितलं?"

"टँटी, तू पण ना! ते चुकले असते तर कळलं असतं की."

"कसं कळलं असतं?"

 बाकावरच्या बायकांचे हात थांबले होते.

"नर म्हणून सांगितलेलं झाड दुसऱ्या दिवशी कापतात," ती हात पुसत म्हणाली. "कापलेलं झाड कधी फळलंय का, कॉसमॉसला खोटं पाडायला? चाळीस वर्षं तो एकटाच बोलतोय, सिल्व्हन. समोरून उत्तर द्यायला कुणी शिल्लकच राहिलं नाही."

अगाथा हळूच म्हणाली, "अग बाई."

मला उत्तर सुचेना, म्हणून राग आला. माझं असंच आहे, आजही. मी म्हटलं, "म्हणजे कापू नको म्हणतेस? सरळ सांग ना."

"मी कुठं म्हटलं? कॉसमॉस बरोबरही असेल. मला नाही ठाऊक, तुला नाही ठाऊक, त्यालाही नाही ठाऊक. मी एवढंच विचारते, की चुकलास तर तुला कशावरून कळेल?"

"नाही कळणार," मी चिडून म्हटलं.

"मग कळेल असं काहीतरी कर. थोडी ठेव."

शेवटी मी पाच झाडं ठेवायला कबूल झालो. पटलं म्हणून नव्हे, सगळ्या बायकांसमोर हरल्यासारखं दिसू नये म्हणून. कुठली पाच, ते मी निवडणार होतो, तर टँटी म्हणाली, "तू निवडलीस तर जी केळीच्या आड येत नाहीत तीच ठेवशील." तिने अठ्ठावीस जायफळांवर एकेका झाडाचा आकडा घातला, एप्रनच्या खिशात टाकली आणि संध्याकाळी आमच्या घरी येऊन आयोनीला पाच काढायला लावली. आयोनी पोटावर हात ठेवून हसत होती. सातवं, नववं, सतरावं, विसावं, सव्विसावं. मी दारावर लिहिलं, "अठ्ठावीस नर. तेवीस कापतो, पाच ठेवतो. पाचांना फळ येणार नाही. खात्री दहापैकी दहा. सिल्व्हन अँटवान." दहाचा आकडा मुद्दाम मोठा काढला.

तेवीस झाडं दोन दिवसांत पडली. जायफळाचं लाकूड कापताना लालसर रस येतो, माणसाच्या रक्तासारखा. कुऱ्हाडवाला सवयीचा होता, मी नव्हतो. केळी लावली, ती चांगली आली. मुलगी झाली. पुढची दोन वर्षं मी दारातून जाताना स्वतःची ओळ वाचायचो आणि शीळ घालायचो.

पासष्टच्या ऑगस्टमध्ये आयोनी मुलीला कमरेवर घेऊन धावत आली. "सिल्व्हन, सतराव्याला फळ आलंय."

"वेडी की काय. शेजारच्या झाडाचं पडलं असेल."

"फांदीला लटकलेलं फळ शेजारून पडतं का रे?"

मी जाऊन पाहिलं. एक नव्हे, अकरा फळं. पिवळी, गुळगुळीत, आणि एक तर मधोमध फाटलेलं, आत जायपत्रीचं लाल जाळं. त्याच झाडाला दोन वर्षांपूर्वी नराचे फुलांचे घोस होते, मी स्वतः पाहिले होते. काही झाडं अशी असतात, आधी नरासारखी फुलतात आणि दोन-चार वर्षांनी फळायला लागतात. हे आज शेतकी खात्याचं पोरही सांगेल. तेव्हा आमच्या खोऱ्यात ते ठाऊक नव्हतं, कारण दोन-चार वर्षं कुणी कुठल्या झाडाला दिलीच नव्हती. पुढच्या वर्षी सव्विसावं फळलं.

पाचातली दोन. मग तेवीसातली किती? शाळेत माझं गणित कच्चं होतं, पण एवढं मला येत होतं. नऊ. माझ्या बापाची नऊ फळणारी झाडं मी स्वतःहून पाडायला लावली होती. कुठली नऊ, ते आता कधीच कळणार नव्हतं, म्हणून मला तेवीसही खुंटांकडे बघवेना.

मिस्टर कॉसमॉस न बोलावता आले. सतराव्याखाली उभे राहिले, फांदी खाली ओढली, फळ चिमटीत धरलं. बुंध्यावर त्यांचाच चुना अजून पुसट दिसत होता. त्यांनी टोपी काढली.

"किती ठेवली होतीस?"

"पाच."

"आणि दोन फळली."

"हो."

ते शेजारच्या कापलेल्या खुंटावर बसले. मला वाटलं, आता काही कारण सांगतील, पाऊस, माती, चंद्र. माझ्या जिभेवर कडवट उत्तर तयार होतं. पण ते खोऱ्याकडे बघत म्हणाले, "ॲल्फन्सच्या मळ्यात एकशेदहा. त्याच्या भावाच्या मळ्यात साठ. वरच्या मळ्यात किती ते आठवतही नाही." ते मोजत होते. म्हातारा माणूस भर उन्हात टोपी मांडीवर ठेवून चाळीस वर्षं मोजत होता. माझं उत्तर मी गिळलं.

त्यानंतर त्यांनी चुन्याचा डबा सोडला नाही, पण पट्टा मारला की म्हणायचे, "तीन वर्षं थांबा. मी चुकतो. सिल्व्हनच्या मळ्यात जाऊन बघा." गंमत म्हणजे लोक त्यांना पहिल्यापेक्षा जास्त बोलवायला लागले.

मी मात्र एवढा मोठा नव्हतो. दुसरं झाड फळलं त्या आठवड्यात वखारीत गेलो आणि बायकांसमोर मोठ्याने म्हटलं, "खरं सांगू? मला आधीपासूनच शंका होती. आत कुठेतरी वाटतच होतं, की हे नर नाहीत."

देवाशपथ सांगतो, मी खोटं बोलत नव्हतो. मला खरोखर तसं आठवत होतं. चुन्याचा पट्टा बघताना मन कचरलेलं, हात थांबलेला, सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं.

"दार बघा, दार बघा!"

टँटीने चष्मा पुसला आणि माझ्याआधी दाराशी जाऊन उभी राहिली. वाचून दाखवलं नाही. दहाचा आकडा पुरेसा मोठा होता. अगाथा म्हणाली, "शंका फारच आत होती रे तुझी. बाहेर यायला तीन वर्षं लागली." बाकं हसून हसून हलली.

माझा तोल गेला. "हसा! नऊ झाडं गेली माझी. आणि टँटी, तुला जर एवढं कळत होतं, तर तू माझा हात का नाही धरलास? नुसते प्रश्न विचारतेस, लिहायला लावतेस आणि मग माणसाला दारासमोर नागडा करतेस. तुझं काय जातं? तू कधी चुकलीयस का?"

बाकावरच्या बायका खाली मान घालून पुन्हा जायफळं निवडायला लागल्या. मला वाटतं, बाकीच्या बायकांना ठाऊक होतं. मला नव्हतं. टँटी म्हणाली, "चल," आणि मला माडीवर घेऊन गेली. तिथे लाकडी ताटांत जायफळं वाळत असतात; ऊन असलं की ताटं बाहेर ओढायची, पाऊस आला की आत ढकलायची. त्या माडीला आम्ही बुकाँ म्हणतो. जुनी बुकाँ जॅनेटमध्ये पडली, ही नवी. तिने कपाटातून एक वही काढली, वखारीची रोजनिशी, आणि एक पान माझ्यासमोर धरलं.

"फर्डी माहीत आहे ना?"

फर्डी तिचा धाकटा भाऊ. वादळाच्या रात्री जुन्या बुकाँखाली सापडून गेला, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. टँटी त्याला जाऊ नको म्हणाली होती आणि तो ऐकला नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेत तिने स्वतःच रडत सांगितलं होतं. मी तेव्हा चर्चमध्ये होतो.

पानावर बावीस सप्टेंबर, तिचं टपोरं अक्षर. "रेडिओवर वादळाचं सांगतात. आपल्या बेटाकडे ती येत नाहीत. पाऊस आला तर ताटं आत ढकलायला फर्डीला बुकाँत झोपायला सांगितलं. तो नको म्हणत होता."

मी दोनदा वाचलं.

"वह्या आवरताना सापडलं. दोन वर्षांनी," टँटी म्हणाली. "तोवर मला पक्कं आठवत होतं, सिल्व्हन. मी दारात उभी राहून त्याला म्हटलं होतं, जाऊ नकोस. माझा हात त्याच्या दंडावर होता. शर्टाचं कापडसुद्धा आठवत होतं. सगळं गावही तसंच बोलत होतं, की पक्षी गप्प होते, समुद्राचा वास बदलला होता, आम्हाला कळलं होतं. कुणाला काही कळलं नव्हतं. आपल्याकडे वादळ येत नाही, हेच सगळे म्हणत होते, मीसुद्धा. दोन वर्षं मी मेलेल्या पोरावर माझा दोष टाकून रडत होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता." तिने वही मिटली. "त्या आठवड्यात दारावर पहिली ओळ लिहिली. माणूस चुकतो, त्याचं मला काही नाही. पण चुकल्यावर त्याचं मन जे गुपचूप आवराआवर करतं ना, त्याची मला भीती वाटते. त्यातून माणूस काही शिकतच नाही."

ती कपाटात ठेवत म्हणाली, "आणि तुझा हात धरला असता, तर तू कॉसमॉसच्या शब्दावर कापणार होतास, तो माझ्या शब्दावर थांबला असतास. तुझं काय वाढलं असतं?"

मी म्हटलं, "नऊ झाडं."

ती हसली. तिला असं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं. "ते मात्र खरं," म्हणाली.

त्यानंतरच्या अठरा वर्षांत मी दारावर कितीतरी ओळी लिहिल्या. ट्रक घेण्याची, ट्रक न घेण्याची, मुलीला शिकायला पाठवण्याची. पुन्हा दहापैकी दहा कधी लिहिलं नाही. एकदा टँटीनेच विचारलं, "अरे, स्वतःच्या बायकोबद्दल तरी?" मी नऊ लिहिलं आणि आयोनीने आठवडाभर मला खारा मासा आणि उकडलेली केळी यापलीकडे काही वाढलं नाही. कसे दिवस होते! संध्याकाळी जायपत्रीचा वास अंगाला लागलेल्या बायका दारासमोर जमायच्या, आज कुणाची ओळ खोटी ठरली ते बघायला. आम्ही फार हुशार झालो असं नाही. पण एकमेकांना फसवणं कमी झालं, आणि स्वतःला फसवणं त्याहून थोडं कमी.

चौऱ्याऐंशी साली टँटीने काम सोडलं. निरोपाच्या दिवशी रोजनिशीतलं ते पान तिने माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, "हे मला कशाला?"

"मी म्हातारी होत चालले. माझ्याजवळ राहिलं तर एक दिवस मी ते हरवीन, आणि हरवलं हेही विसरेन. तू ठेव."

नव्या मुकादमाने पहिल्याच महिन्यात दाराला हिरवा रंग दिला. मी त्याच्याशी भांडलो, उपयोग झाला नाही. पुढे वखारही बंद झाली.

दोन हजार तीनमध्ये टँटी अठ्ठ्याऐंशीची होती. भाचीच्या घरी, खिडकीपाशी. नजर गेलेली, दिवसाचे बरेच तास मनही जागेवर नसे. मी दर गुरुवारी जायचो. कधी ती मला माझा बाप समजायची, कधी कॉसमॉस समजून झाडांबद्दल रागवायची. त्या गुरुवारी मात्र मला नीट ओळखलं. भाची स्वयंपाकघरात कोको उकळत होती. टँटीने माझा हात घट्ट धरला.

"सिल्व्हन, मी फर्डीला जाऊ नको म्हटलं होतं ना?"

 तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. या बाईने मला जे काही शिकवलं ते सगळं एका बाजूला, आणि हा चेहरा एका बाजूला. मी विचार केला नाही. म्हटलं, "हो टँटी. म्हटलं होतंस."

 ती आंधळे डोळे माझ्याकडे वळवून म्हणाली, "लिहिलेलं आहे का कुठे?"

एकदा खोटं बोललो होतो, ते जमलं होतं. दुसऱ्यांदा जमेना.

"आहे."

"वाच."

पान माझ्या घरी पेटीत होतं, पण मला ते पाठ होतं. मी म्हणालो, "रेडिओवर वादळाचं सांगतात. आपल्या बेटाकडे ती येत नाहीत. पाऊस आला तर ताटं आत ढकलायला फर्डीला बुकाँत झोपायला सांगितलं." तिथे थांबलो.

"एवढंच?"

"तो नको म्हणत होता," मी म्हटलं.

टँटीची बोटं माझ्या हातावर सैल झाली. मला वाटलं, मी म्हातारीला मारलं. बाहेर कोंबड्या ओरडत होत्या, आणि मी स्वतःला मनातल्या मनात वाटेल त्या शिव्या देत होतो.

"हो," ती हळूच म्हणाली. "नको म्हणत होता. सर्दी झाली होती त्याला. नाक नुसतं गळत होतं. मी म्हटलं, नाटकं करू नकोस." ती थांबली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "माझा निळा रुमाल ओढून घेतला मेल्याने डोक्यावरून. म्हणाला, मग हा घेऊन जातो, नाक पुसायला. आणि दात काढत पळाला. सिल्व्हन, किती वर्षांनी दिसला रे मला तो!"

ती रडत होती आणि हसतही होती. भाची कोकोचा कप घेऊन दारात आली. मी तिला खुणेने थांबायला सांगितलं.